पूजेला ठेवलेले पॅड

सांगलीहून निघताना आमच्या क्रीडा मंडळाच्या अध्यक्षांनी मला बजावलं होतं, "बाई, दोन्ही लीग नीट बघून या. एकदाचं हे भांडण मिटू दे." भांडण असं की आमच्याकडे चाकांच्या बुटांवर हॉकी खेळणारी मुलं आता बरीच झाली आहेत. त्यांची ज्युनियर लीग काढायची ठरली, पण पैसा कुठून आणायचा यावरून पालकांत दोन तट पडले. एक म्हणतो आपणच फी भरू, दुसरा म्हणतो कारखानदारांना गळ घालू. पिंपरी-चिंचवडला दोन्ही तऱ्हांच्या लीग आहेत आणि त्यांचं एकमेकींशी पटत नाही, असं ऐकलं होतं. शाळेत जन्मभर शिट्टी फुंकून मी नुकतीच निवृत्त झाले होते, तेव्हा पाठवायला माझ्याइतकं रिकामं दुसरं कुणी नव्हतं.

दोन्ही लीगच्या नावात 'आइस हॉकी' आहे. पिंपरीत बर्फ दिसतो तो रसवंतीत, पण मुलं काँक्रीटवर सराव करतात आणि हिवाळ्यात लडाखच्या शिबिराला जायची आस धरतात, कारण तिथे गोठलेल्या पाण्यावर खरा खेळ असतो. मला हे आधी हसण्यावारी न्यावंसं वाटलं होतं.

स्वारगेटला एसटीतून उतरून मेट्रोने पिंपरी गाठली आणि रिक्षाने रहाटणीला धाकट्या बहिणीकडे गेले. सामने रविवारी असणार असं धरून मी निवांत होते. बहीण म्हणाली, "ताई, एक लीग उद्याच आहे. इथे कारखान्यांना गुरुवारी सुट्टी. आमच्याकडे आठवड्यात दोन रविवार असतात."

गुरुवारी चाकणला गेले. रस्त्यावर नव्या कोऱ्या मोटारी पाठीवर घेतलेले ट्रेलर खोळंबले होते आणि माझी बस त्यांच्या मागे. पोचले तेव्हा पहिला सामना संपत आला होता. मैदान म्हणजे एका गोदामाचं काँक्रीटचं आवार. कडेला लाकडी पेट्यांच्या फळ्या उभ्या केलेल्या, म्हणजे पक (खेळायची जाड रबरी चकती) बाहेर जाऊ नये. तरी एक उडून आलीच आणि माझ्या घोट्यावर बसली.

बर्फ आणून दिला तो दिलीपभाऊंनी. ते चाकणच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतात आणि त्यांची मुलगी समीक्षा चिखलीच्या संघाची गोलरक्षक आहे. त्यांनी मला या लीगचा कारभार समजावला. चिखलीच्या एकेका गल्लीतले वर्कशॉपवाले मिळून एक संघ सांभाळतात. कुणी बूट देतो, कुणी प्रवासाचं बघतो, गोदामवाला आवार देतो. मुलांकडून काही घेत नाहीत. गोलरक्षकाचं सामान सगळ्यांत महाग. पायांचे जाड पॅड, छातीचं कवच आणि जाळीचं हेल्मेट गल्लीने मिळून घेतलं आहे आणि ते गल्लीतले थोरले वर्कशॉपवाले नाना यांच्या शेडमध्ये असतं.

"घरी का नेत नाही?" मी विचारलं.

"गल्लीचं आहे ना, मॅडम. धाकट्या गटातला पोरगाही तेच वापरतो." मग म्हणाले, "नानांनी उभं केलं सगळं. माझ्या पगारात हा खेळ बसला नसता."

समीक्षा मला आवडली. गोल वाचवला तरी हात उंचावत नाही, गोल झाला तरी खाली बघत नाही. तिचं ज्युनियर गटातलं हे शेवटचं वर्ष होतं. लडाखची निवड चाचणी सोमवारी होती आणि महाराष्ट्रातून गोलरक्षकाची जागा एकच. ती मिळाली तर मिळाली, नाहीतर वय संपलं.

रविवारी निगडीला प्राधिकरणात दुसरी लीग पाहिली. गुळगुळीत रिंक, काठाला पारदर्शक फळ्या, कॉफी आणि सँडविच. इथे सगळं पालकांच्या फीवर चालतं. प्रत्येक मुलाचं सामान स्वतःचं, गाडीच्या डिकीतून येतं आणि डिकीतून जातं. शिस्त चोख होती. पण एक चुणचुणीत मुलगा बाकावर नुसता बसला होता. चौकशी केली तर त्याच्या वडिलांची नोकरी गेली आहे, फी थकली, म्हणून खेळवत नाहीत. त्याला रिंकच्या काठाशी बसवून ठेवायचं आणि खेळवायचं नाही, याचा मला फार संताप आला. इथली गोलरक्षक इरा, उंचपुरी, बोलकी. तीही सोमवारच्या चाचणीला होती.

सोमवारी खंडेनवमी. चाचणी घेणारे बाहेरगावचे, शाळांना सुट्टी बघून त्यांनी दिवस धरला होता. चाचणी दुपारी निगडीच्या रिंकवर होती, म्हणून सकाळी मी दिलीपभाऊ आणि समीक्षाबरोबर चिखलीला नानांच्या शेडमध्ये गेले. लेथ मशिनं धुऊन पुसून त्यांना झेंडूचे हार घातले होते. पाने, हातोडे, ड्रिल पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं होतं. आणि त्यांच्या मधोमध समीक्षाचे पॅड, कवच, हेल्मेट. हेल्मेटलाही हार. कामगारांनी मोठ्या हौसेने सजवलं होतं.

दिलीपभाऊंचा चेहरा उतरला. समीक्षाने पाटाकडे पाहिलं आणि ती जागची हलली नाही.

नाना गावचे जुने रहिवासी, वय झालेलं, आवाज बसका. त्यांनी पेढा दिला आणि म्हणाले, "आमी आज पूजेतलं उचलत न्हाई, दिलीप. चाचणी आजच हाय हे ध्यानातच आलं न्हाई माझ्या."

मी मध्ये पडले. म्हटलं, "नाना, मुलीचं वर्ष जाईल."

"व्हय बाई, कळतंय मला." ते मशिनाला हात लावून उभे राहिले. "पण एका खंडेनवमीला अर्जंट ऑर्डर म्हनून मी हे मशीन चालू केलं. भावाची दोन बोटं गेली. तवापासून न्हाई. या पोरीला काय झालं तर मी कुनाला तोंड दावू?"

दिलीपभाऊंच्या घरी ही पूजा नसते, दुसऱ्या दिवशी ते विहारात जातात. त्यांनी नानांशी वाद घालायला हवा होता असं मला तेव्हा वाटलं. पण ज्याच्या जिवावर मुलगी खेळते त्याच्याशी वाद कसा घालणार, हे नंतर कळलं. "राहू द्या नाना," एवढंच ते म्हणाले.

निगडीला इराला हे कळलं तशी ती वडिलांकडे न बघताच म्हणाली, "माझं घाल. आधी मी खेळते, मग तू." तिने तसंच केलं. तिची चाचणी झाल्यावर ती बाकावर बसून पॅड सोडू लागली आणि समीक्षा लगेच बांधू लागली. पॅड घामाने ओले होते आणि समीक्षाला चांगले वीतभर लांब. गुडघा जिथे टेकायला हवा तिथे टेकत नव्हता. तरी तिने एकामागून एक पक अडवल्या. शेवटी दोन गोल झाले, दोन्ही गुडघ्यांच्या मधून.

जागा इराला मिळाली. पालकांनी टाळ्या वाजवल्या, पण ती माझ्याजवळ येऊन बसली. "मावशी, माझ्या पॅडमध्ये ती इतकं खेळली," ती म्हणाली आणि ओले पॅड पुसू लागली.

दसऱ्याला परतायचं होतं. निरोप घ्यायला चिखलीला गेले तेव्हा दिलीपभाऊंच्या घरातली सगळी पांढरे कपडे घालून विहारात निघाली होती. समीक्षाच्या आईने मला बळेच बसवून भाकरी आणि मटकीची उसळ वाढली. तेवढ्यात नाना स्कूटरवरून आले. पायाशी पॅड उभे, पट्ट्यांत झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या. त्यांनी ते उंबऱ्याशी ठेवले.

"हे आता हितंच राहू दे, पोरी. तुझं हाय. गल्लीला मी सांगितलं. धाकट्यासाठी दुसरं बघू." मग म्हणाले, "पुढच्या वर्षी पूजेला ठेवनार न्हाई. पुढच्या वर्षी तूच जानार लडाखला."

पुढच्या वर्षी तिचं वय बसत नाही हे त्या घरात नाना सोडून सगळ्यांना माहीत होतं. दिलीपभाऊंनी लेकीकडे पाहिलं. ती खाली बसली, पट्ट्यांतल्या पाकळ्या एकेक काढल्या आणि म्हणाली, "हो नाना."

सांगलीला परतताना खिडकीशी बसून मंडळाला काय सांगायचं ते ठरवलं. पैसा पालकांचा घ्या नाहीतर कारखानदारांचा, दोन्हींत माणसं चांगली आहेत आणि दोन्हींत मुलांचं नुकसान होतं. ज्याची फी थकली त्याला बाकावर बसवायचं नाही, आणि सामान कुणीही घेतलेलं असो, ते मुलाच्या घरी राहील. हे दोन नियम आधी लिहा, मग लीग काढा. अध्यक्ष कारण विचारतील. मी त्यांना समीक्षाचं सांगेन, पण तिने "हो नाना" कसं म्हटलं, ते मला सांगता येईल असं वाटत नाही.