वऱ्हाड अडवून बसलेली म्हैस

म्हैस बोळात बसली होती आणि नवरदेव म्हशीच्या पलीकडे होता. मी अलीकडे, गल्लीत, औषधांची बॅग घेऊन उभी होते. माझ्या पाठीशी बँड वाजत होता.

ही सत्तरच्या दशकातली, नागपुरातल्या सक्करदऱ्याची गोष्ट. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात लागून मला आठ महिने झाले होते. तेवढ्यात मी कोंबड्या, कुत्री, पुष्कळ शेळ्या आणि एक पोपट तपासला होता. गाई-म्हशी आमचे साहेब माझ्यापर्यंत येऊ देत नसत. ‘‘मॅडम, लार्ज ॲनिमल म्हणजे ताकदीचं काम,’’ असं ते म्हणत. स्वतः साहेबांना खुर्चीतून उठायला टेबलाचा आधार लागायचा, कारण त्यांची कंबर धरलेली असे. पण ते पुरुष होते, त्यामुळे त्यांची ताकद गृहीत धरलेली होती.

त्या दिवशी साहेब सोडून बाकीचे दोन्ही पुरुष डॉक्टर लसीकरणाच्या कॅम्पला गेले होते. साडेआठला एक गृहस्थ सायकल दामटत आले. डोक्याला फेटा, कपाळाला कुंकू, अंगभर घाम.

‘‘डॉक्टर कुठी हाय?’’ त्यांनी मला विचारलं.

‘‘मीच डॉक्टर.’’

‘‘ते झालं. पण म्हशीचे डॉक्टर?’’

आतून साहेबांनी हाक मारली. गृहस्थांनी दारातूनच सांगितलं, ‘‘साहेब, आमच्या श्रावणजीची म्हैस परवा व्यायली. आज सकाळी दारू पेल्यावानी झुलत झुलत चालली अन् बसली. आता उठूनच नाही राहिली. दहाले वऱ्हाड निघते कामठीले.’’

साहेबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या कंबरेकडे. ‘‘मिल्क फीव्हर दिसतोय,’’ ते म्हणाले. ‘‘जा तुम्ही. डोमाजीला न्या. आणि मॅडम, कॅल्शियम हळू. घाई केलीत तर हार्ट बंद पडेल. पहिलीच म्हैस मारू नका.’’

डोमाजी आमचे ड्रेसर. म्हणजे जनावर धरणं, जखम धुणं, पट्टी बांधणं हे त्यांचं काम. नोकरी माझ्या वयापेक्षा जास्त झालेली. आम्ही रिक्षाने पोचलो तेव्हा गल्लीत पन्नासेक माणसं, सात जणांचा बँड आणि फुलं लावलेली एक बस उभी होती.

घराची रचना अशी, की पुढच्या दारातून एक अरुंद बोळ आत जायचा. बोळ संपला की अंगण, भोवती खोल्या, मागे गोठा. माणसांना आणि म्हशीला रस्ता एकच. घरात लग्न म्हणून सकाळी म्हशीलाही गल्लीतल्या नळावर अंघोळ घातली होती. परत आणताना ती बोळात डुलली आणि बसली. तोंड घरात, शेपूट गल्लीत. बूच बसावं तशी ती त्या बोळात बसली होती. आत नवरदेव, नवरदेवाची आत्या आणि वीस-बावीस बायका अडकल्या होत्या.

‘‘म्हशीवरून चढून या म्हणा की,’’ मी श्रावणजींना म्हणाले. श्रावणजी म्हणजे म्हशीचे मालक आणि नवरदेवाचे वडील.

‘‘आत्याबाई येऊ देत नाही नं,’’ ते हळूच म्हणाले.

आतून आत्याबाईंचा आवाज आला. ‘‘लग्नाले निघालेला पोरगा यमाच्या वाहनावर टांग टाकीन का? तुम्हीच सांगा डॉक्टरीणबाई.’’

कौलांवरून उतरवायचंही त्यांनी ठरवून पाहिलं होतं. पण नवरदेव धिप्पाड, आणि कौलं जुनी. मागच्या भिंतीपलीकडे चुलतभावाचं घर होतं आणि त्याच्याशी त्याच भिंतीवरून सात वर्षं बोलणं बंद होतं. थोडक्यात, म्हैस उठणं हा एकच मार्ग उरला होता.

औषध द्यायचं मानेतल्या मोठ्या शिरेत. मान आतल्या बाजूला. म्हणजे पलीकडे जायला हवं होतं आणि यमाच्या वाहनावर टांग टाकायला माझी काही हरकत नव्हती. मी पदर खोचला. डोमाजींनी बॅग वर धरली. मी म्हशीच्या पाठीवर पालथी झाले आणि सरपटत तिच्या खांद्यापाशी उतरले. मागे बँडवाल्यांनी त्याच वेळी नवीन धून सुरू केली. माझ्यासाठी नसावी.

म्हशीने मान वळवून तोंड कुशीत खुपसलं होतं. कान थंडगार. नाकपुडीवर एरवी दवासारखे थेंब असतात, ती कोरडी ठक्क. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. मिल्क फीव्हर हे नाव फसवं आहे. यात ताप नसतो, उलट जनावर गार पडतं. जनावर व्यायलं की रक्तातलं कॅल्शियम एकदम दुधात उतरतं. हाडांमध्ये साठा भरपूर असतो, पण तो बाहेर निघायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात रक्तात टंचाई.

‘‘पण कॅल्शियम तर हाडाले लागते ना मॅडम?’’ नवरदेवाने विचारलं. नाव वासुदेव. बाशिंग बांधलेला, अंगात क्रीम रंगाचा सूट, आणि तो शाळेत आठवीला सायन्स शिकवायचा.

‘‘स्नायूंनाही लागतं. मेंदूचा निरोप नसेतून स्नायूपर्यंत येतो. पण नस आणि स्नायू यांच्यामध्ये एक बारीकशी फट असते. तिथे निरोप पलीकडे पोचवायला कॅल्शियम हवं. ते नसेल तर मेंदू ‘ऊठ’ म्हणतो आणि पायांना ऐकूच जात नाही.’’

‘‘माहे पोरं असेच आहेत,’’ तो म्हणाला.

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. अंगणातल्या माणसांत सगळ्यात उंच तोच होता. सलाइनची बाटली उंच धरायला असा माणूस लागतो. बाटली वर केली की औषध जोरात जातं, खाली घेतली की हळू. स्टँड माझ्याकडे नव्हता.

‘‘वासुदेवराव, सूट काढता का?’’

‘‘आता नाही काढत थो,’’ आत्याबाई म्हणाल्या. ‘‘एकदा चढवला म्हंजे कामठीलेच.’’

मग तो सुटातच उभा राहिला. औषध गार असू नये म्हणून बाटली नवरदेवाच्या अंघोळीच्या उरलेल्या गरम पाण्यात ठेवून कोमट करून घेतली. मानेवर अंगठा दाबला. डोक्याकडून हृदयाकडे परतणारं रक्त तिथे अडतं आणि शीर बोटभर जाड फुगते. सुई घातली, काळपट रक्त टपकलं, नळी जोडली. या शिरेतलं औषध थेट हृदयात पोचतं. हृदय हाही स्नायूच, आणि कॅल्शियम त्यालाही लागू पडतं. एकदम जास्त पोचलं तर हृदय आवळलेलंच राहतं. म्हणून एका हाताने सुई सांभाळायची आणि स्टेथोस्कोपने सतत ठोके ऐकायचे.

‘‘डोमाजी, बँड बंद करा,’’ मी ओरडले.

बाहेर वाटाघाटी झाल्या. बँडमास्तर पांढऱ्याशुभ्र ड्रेसमध्ये म्हशीच्या अगदी मागे उभे होते. लग्नघरी वाजंत्री थांबवणं अशुभ, असं त्यांचं म्हणणं होतं. डोमाजींनी त्यांना काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण वाजणं थांबलं.

ठोके फार बारीक होते, दूरवरून आल्यासारखे, आणि भराभर. मी वासुदेवला बाटली छातीपर्यंत धरायला सांगितली. औषध थेंबाथेंबाने जाऊ लागलं. पाच मिनिटं झाली. मग कानात एकदम ठोका भरला. धप्, धप्, धप्. एकसारखा, जोरकस. मला इतकं बरं वाटलं, की मी वासुदेवला म्हणाले, ‘‘थोडी वर घ्या.’’ त्याने हात सरळ उंच केला. ठोका तसाच दमदार. मला वाटलं, साहेबांनी उगीच घाबरवलं. लार्ज ॲनिमलमध्ये काही विशेष नाही.

तेवढ्यात माझं लक्ष वासुदेवच्या बुटाकडे गेलं. बूट ताल धरत होता. म्हशीच्या हृदयाशी अगदी बरोबर.

मी कानातून स्टेथोस्कोप काढला. धप्, धप्, धप्. बाहेर ढोलवाला, आपण म्हणजे काही बँड नव्हे असं समजून, हलक्या हाताने ढोल वाजवत होता.

‘‘ढोल बंद. बाटली खाली. अजून खाली.’’

माझ्या आवाजात काहीतरी असावं. ढोल थांबला, नवरदेव बाटली घेऊन उकिडवाच बसला. मी पुन्हा कान लावला. खरे ठोके आता ऐकू आले. दोन ठोके, मग काहीच नाही. एक ठोका. मग काहीच नाही. मग तीन घाईघाईने. मी नळी चिमटीत दाबून धरली. कॉलेजात परीक्षेला ‘हृदयाची लय बिघडणे’ यावर मी पानभर लिहिलं होतं. त्या पानात पुढे काय करायचं ते एका शब्दात होतं. थांबा.

मी थांबले. बोळात कोणी हललं नाही. डोक्यात मात्र हिशेब सुरू झाला, की म्हैस इथेच मेली तर बोळातून बाहेर कशी काढायची, आणि मी आत राहणार की बाहेर. किती वेळ गेला सांगता येणार नाही. हळूहळू मधल्या गाळलेल्या जागा भरत गेल्या. ठोके सावकाश झाले, आणि दर ठोका आधीच्यापेक्षा थोडा जाड.

‘‘जिवंत आहे का?’’ वासुदेवने पुटपुटत विचारलं.

‘‘आहे. बाटली गुडघ्यापर्यंत वर घ्या. त्याच्या वर गेली तर लग्न विसरा.’’

उरलेलं काम त्याने इतक्या काळजीने केलं, की बाटली गुडघ्याशीच आहे ना, ते पुन्हापुन्हा तपासत होता. नंतर म्हशीच्या कुशीचे स्नायू थरथरू लागले. ही चांगली खूण. निरोप पोचायला लागले होते. मागच्या बाजूला काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, ते डोमाजी कळवत होते.

‘‘मॅडम, शेपूट हालली.’’

‘‘बरं.’’

‘‘मॅडम, पुन्हा हालली.’’

नाकपुडीवर थेंब दिसू लागले. म्हशीने मान सरळ केली आणि सकाळपासून साठलेला ढेकर नवरदेवाच्या तोंडावर दिला. त्याने बाटली हलू दिली नाही. या माणसाचा संसार नीट होणार अशी माझी तेव्हाच खात्री पटली.

आता एक गोष्ट सांगायला हवी होती, ती मी गडबडीत विसरले. आतडी आणि मूत्राशय हेही स्नायूंचेच. कॅल्शियम संपल्यावर तेही संप करतात आणि कॅल्शियम पोचलं की सगळे एकदम कामावर हजर होतात. त्यामुळे अशा जनावराच्या मागे उभं राहू नये.

‘‘डोमाजी, मागची माणसं बाजूला करा,’’ मी म्हणाले.

डोमाजी शांतपणे म्हणाले, ‘‘मॅडम, उशीर झाला.’’

बाहेर पन्नास माणसांचं हसू फुटलं. बँडमास्तरांचा पांढरा ड्रेस त्या दिवसापुरता संपला.

म्हैस आधी मागच्या पायांवर, मग पुढच्या पायांवर उठली. मी सुई काढली आणि उरलेलं औषध तिच्या कातडीखाली टोचून दिलं, म्हणजे ते सावकाश रक्तात उतरतं. बोळात वळायला जागा नव्हती. ती सरळ पुढे निघाली. मी, नवरदेव आणि बाटली उलट्या पावलांनी अंगणात आलो. तिथे आत्याबाईंच्या हातात अक्षतांचं ताट होतं. सकाळपासूनच्या भुकेल्या म्हशीने त्यातल्या जवळजवळ सगळ्या अक्षता खाल्ल्या आणि गोठ्यात निघून गेली.

‘‘आता हे शुभ की अशुभ?’’ वासुदेवने आत्याला विचारलं.

आत्याबाईंनी थोडा विचार केला. ‘‘घरच्या लक्ष्मीनं पहिला आशीर्वाद घेतला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चाल, निघ आता.’’

वऱ्हाड पावणेअकराला निघालं. लग्न मुहूर्तावर लागलं, असं मला नंतर सांगण्यात आलं. बँड मास्तरांशिवायच वाजला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केस पेपर वाचला. ‘असिस्टेड बाय’ या रकान्यात मी डोमाजींच्या खाली वासुदेवचं नाव लिहिलं होतं.

‘‘हा कोण?’’

‘‘नवरदेव.’’

त्यांनी ते नाव खोडलं, त्यावर ‘मालकाचे नातेवाईक’ असं लिहिलं आणि म्हणाले, ‘‘सोमवारपासून लार्ज ॲनिमल तुमच्याकडे.’’ ढोलाचं मी त्यांना सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच सांगते आहे.

संध्याकाळी मी म्हशीला पाहायला गेले. ती रवंथ करत होती. तिची अवस्था कशामुळे झाली असावी म्हणून मी दुधाची चौकशी केली. तेव्हा आत्याबाईंनी अभिमानाने सांगितलं, की कामठीच्या पाहुण्यांना खरवस न्यायचा म्हणून व्यायल्यापासून तिला शेवटच्या थेंबापर्यंत पिळलं होतं. मी त्यांना समजावलं, की पहिले तीन-चार दिवस वासराला पुरेल एवढं राहू द्यावं आणि सड पूर्ण रिकामे करू नयेत, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम असं एकदम ओसरत नाही.

पुढच्या तीस वर्षांत हे मी विदर्भातल्या शेकडो गोठ्यांमध्ये सांगितलं. सगळे लक्षपूर्वक ऐकतात, मान डोलावतात आणि निघताना हातावर वाटीभर खरवस ठेवतात. तो मी खाते.