गोठ्यात वाढलेला हिरो

माझा धाकटा भाऊ हिंदी सिनेमात हिरो आहे. ही गोष्ट मी आपणहून कुणाला सांगत नाही, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "खरंच का हो तुम्ही गोठ्यात राहायचात?"

नाही. गोठ्यात आमच्या म्हशी राहायच्या. आम्ही माणसं समोरच्या कौलारू घरात राहत होतो. त्या घराला ओसरी होती, माजघर होतं, आणि ज्या काळात आमच्या गावात, जांब्यात, बहुतेक जण पहाटे तांब्या घेऊन ओढ्याकडे जायचे त्या काळात परसात पक्का संडास होता. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्या संडासाचा फार अभिमान होता. पाव्हणे आले की चहाच्या आधी ते दाखवायचे. आज देशभरातल्या लोकांना ठाऊक असलेल्या आमच्या बालपणात तो संडास कुठेच नाही.

गोठ्याचा घोटाळा आईनं केला, आणि तोही पाहुणचारापायी. शेजारच्या हिंजवडीत कंपन्या आल्यावर गावात सगळ्यांनी केलं तेच आम्ही केलं. जुनं घर पाडलं, तिथे इमारत उभी केली आणि खोल्या भाड्यानं दिल्या. लातूरची, अकोल्याची, जळगावची मुलं-मुली राहतात. आई-अण्णा तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत असतात. म्हशी विकल्या, पण गोठा पाडायचा राहून गेला. शेणानं सारवलेली जमीन, वर कौलं, त्यामुळे उन्हाळ्यात सगळ्यात गार जागा तीच. अण्णा दुपारी तिथे खाट टाकून पडायचे.

भावाचा पहिला मोठा सिनेमा चालला तेव्हा एका चॅनेलची माणसं आली. भर उन्हाळा, वीज गेलेली. आईला वाटलं, लांबून आलेली लेकरं घामाघूम झालीत, त्यांना गारव्याला बसवावं. तिनं गोठा झाडला, सतरंजी अंथरली, तिथेच ताक दिलं. त्यांच्यातल्या एका मुलीनं विचारलं, "आई, तो लहानपणी इथेच असायचा का?" आई म्हणाली, "हितंच की! दिसभर हितंच लोळायचा." झालं. संध्याकाळी टीव्हीवर आमचा गोठा, मागे करुण सनई, आणि खाली पट्टी, 'या गोठ्यात वाढला सुपरस्टार'.

मी त्याच क्षणी भावाला फोन केला. मला वाटलं, तो पोट धरून हसेल आणि दुसऱ्या दिवशी खुलासा करेल. तो हसला. पण खुलासा केला नाही. पुढच्या मुलाखतीत त्यानं स्वतःच म्हशींच्या श्वासाची ऊब वगैरे सांगितली. हा मुलगा शेणाच्या वासानं नाक धरून पळायचा! धारा मी काढायचे.

तसा तो मेहनती आहे, हे मला नाकारायचं नाही. पहिल्यांदा टीव्हीवर दिसला तेव्हा तो मेलेला होता. कुठल्याशा गुन्हेगारीच्या मालिकेत ओढ्यात पडलेलं प्रेत. आईनं अशुभ म्हणून टीव्हीच बंद केला. मग बरीच वर्षं तो कुणाच्या तरी मागे बंदूक धरून उभा असायचा. मग एका वेब सीरिजमध्ये त्याला बोलायला मिळालं, लोकांनी त्याचे डोळे पाहिले, आणि तिथून गाडी जी सुटली ती सुटलीच. हिरोचा मित्र झाला, आणि मग स्वतः हिरो. आता आमच्या चौकात त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो. त्यात गावातले झाडून सगळे पुढारी मोठ्ठे असतात आणि तो कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढा. भाडेकरू पोरं माझ्याबरोबर सेल्फी काढतात. माझ्या सासरी, कासारसाईला, लोक आपली गोरीगोमटी नातवंडं घेऊन येतात आणि म्हणतात, जरा शब्द टाका. मी एका ऑफिसात पगारपत्रकं करते. मी कुणाकडे शब्द टाकणार?

हे सगळं मी चालवून घेतलं. गोठाही चालवून घेतला. पण नंतर त्यानं अण्णांना हात घातला.

झालं होतं ते असं. तो कॉलेजात असताना पुण्यात एकांकिका स्पर्धा होती आणि त्याला मुख्य काम मिळालं होतं. स्क्रिप्टचे झेरॉक्सचे कागद त्यानं नेहमीप्रमाणे कुठेतरी टाकले, म्हणजे बंबाशेजारच्या रद्दीवर. सकाळी आईनं अंघोळीचं पाणी तापवायला बंब पेटवला आणि रद्दीबरोबर ते कागदही आत गेले. यानं घर डोक्यावर घेतलं. जेवेना, बोलेना. अण्णांनी चालू पेरणी सोडली, मोटारसायकल काढली, पुण्यात जाऊन नाटक बसवणाऱ्या मुलाची खोली हुडकली आणि नवी झेरॉक्स घेऊन आले. स्पर्धेच्या दिवशी त्याला मागे बसवून तेच घेऊन गेले. आत गर्दी होती म्हणून बाहेर थांबले. नंबर आल्यावर आतून टाळ्या ऐकू आल्या, त्या त्यांनी घरी येऊन आम्हाला वाजवून दाखवल्या.

ही गोष्ट मुलाखतींतून कशी वाढत गेली ते मी बघत होते. आधी 'घरच्यांना काही कळायचं नाही' असं होतं. मग 'वडील नाराज होते'. मग एका कार्यक्रमात, समोर हजार माणसं बसलेली असताना, त्यानं सांगितलं की वडिलांनी त्याची स्क्रिप्ट त्याच्या डोळ्यांदेखत आगीत टाकली. इथे तो थांबला. त्याचे ते प्रसिद्ध डोळे भरले. त्या आगीनंच मला घडवलं, असं काहीतरी म्हणाला. टाळ्या थांबेनात. तो तुकडा गावातल्या प्रत्येक मोबाईलवर आला.

अण्णा रोज सकाळी देवळासमोरच्या पारावर जाऊन बसायचे. तिथली माणसं त्यांच्या वयाची, सगळं आयुष्य एकमेकांच्या बांधावर काढलेली. त्यांना खरं काय ते माहीत होतं, पण चेष्टेला असा माल मिळाल्यावर कोण सोडतंय? अण्णांनी बिडी पेटवायला काडी ओढली की कुणीतरी ओरडायचं, "आरं, कागदं लपवा रं!" पहिले काही दिवस अण्णाही हसले. मग एका लग्नात ओळख ना पाळख अशा एका बाईनं त्यांना विचारलं, "तुम्हीच का ते?" आणि मग वरच्या मजल्यावरचा लातूरचा मुलगा, अगदी गुणी पोरगा, जिन्यात त्यांच्या पाया पडून म्हणाला, "आजोबा, माझे वडीलपण तुमच्यासारखेच कडक आहेत. मला गाणं शिकू दिलं नाही."  दुसऱ्या दिवसापासून अण्णा पारावर जायचे बंद झाले. लग्नाच्या पत्रिका आल्या की आईला म्हणायचे, तूच जाऊन ये.

मी भावाला फोन लावला आणि मनातलं सगळं ओकलं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, लोकांना स्ट्रगल लागतो. खातापिता शेतकरी, मुलाला गाडीवरून सोडतो, ह्यात स्टोरी कुठंय?"

"म्हणून तुझ्या स्ट्रगलला अण्णाच सापडले?"

"अगं, पुढे ते मला माफ करतात, मी त्यांना माफ करतो, ओव्हरऑल पॉझिटिव्हच आहे ते."

मला माझ्याच फोनची दया आली, नाहीतर भिंतीवर आपटला असता. मी त्याला सांगितलं, मला तुझं काही नको. फक्त एकदा, कॅमेऱ्यासमोर, एक वाक्य बोल, की माझे वडील माझ्या पाठीशी होते.  तो म्हणाला, त्याच्यावर एक डॉक्युमेंटरी होतेय, ती माणसं गावात येणार आहेत. "अण्णांनाच बोलू दे ना. त्यांच्या तोंडून सगळं खरं येऊ दे." मी खूश झाले. अण्णांचे दोन सदरे मी स्वतः इस्त्री करून घेऊन गेले.

शूटिंग अर्थातच गोठ्यात ठेवलं. अण्णांच्या चेहऱ्याला पावडर लावली, सदरा बदलून जुनी बंडी घालायला लावली. इस्त्रीचा सदरा खुंटीवर राहिला. भाऊ आला होता. तो कॅमेऱ्याच्या मागे खुर्चीवर बसून फोन बघत होता. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. प्रश्न विचारणारी मुलगी पुण्याची, गोड बोलणारी. तिनं विचारलं, "अण्णा, त्या दिवशी तुम्ही स्क्रिप्ट जाळलीत, तेव्हा तुमच्या मनात काय होतं?"

मी वाट बघत होते. अण्णांनी आधी भावाकडे पाहिलं. भावानं मान वर केली नाही. अण्णांनी घसा साफ केला.

"राग व्हता," ते म्हणाले. "पोरगं वाया जाईल आसं वाटलं. म्हनून टाकलं जाळून."

 मी "अण्णा!" म्हणून ओरडणारच होते, पण ते बोलत असतानाच पाण्याचा टँकर अंगणात शिरला होता आणि आता टाकीत पाणी चढवायची मोटर सुरू झाली. आवाजाचं काम बघणाऱ्या माणसानं वैतागून हात वर केला. काहीच रेकॉर्ड झालं नव्हतं. माहेरी रोज टँकर येतो आणि मी गेले की त्याच्या नावानं खडे फोडते. त्या दिवशी पहिल्यांदा मला तो देवासारखा वाटला.

टँकर गेला. ती मुलगी म्हणाली, "अण्णा, फार सुंदर बोललात. तेच परत एकदा, जरा सावकाश."

"न्हाई," अण्णा म्हणाले.

"फक्त तेवढंच वाक्य हो."

"एकडाव पोरासाठी खोटं बोललो. परत न्हाई व्हायचं माझ्याच्यानं."

 सगळ्यांनी भावाकडे पाहिलं. आता, मी मनात म्हटलं, आता बोल. ऊठ आणि बोल. तो उठला. अण्णांजवळ आला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या मुलीला म्हणाला, "राहू दे. ही इज टायर्ड." आणि मोबाईल कानाला लावून बाहेर गेला. अण्णा तसेच खाटेवर बसून राहिले. डोळ्यात पावडर गेली होती, ती बंडीच्या टोकानं पुसत होते. कॅमेरा चालू होता की बंद, हे बघायचं माझ्या ध्यानातच आलं नाही.

तो चालू होता.

डॉक्युमेंटरी आली त्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन माहेरी गेले आणि तिघांनी बसून ती बघितली. शेवटाकडे अण्णा आले. खाट, बंडी, खाली घातलेली मान. बराच वेळ ते नुसते डोळे पुसतात. मागे सारंगी. आणि त्यावर माझ्या भावाचा आवाज, हिंदीत, की आज माझ्या वडिलांकडे शब्द उरलेले नाहीत, पण मी त्यांना केव्हाच माफ केलंय. आई पदरानं तोंड दाबून बसली होती. मी लॅपटॉप धाडकन मिटला.  खोटं बोलायला नकार दिलेल्या माणसाच्या गप्प बसण्याचंही यांनी खोटं केलं होतं.

तेवढ्यात त्याचाच फोन आला. "ताई, बघितलंत? अण्णांना आवडलं का?" मी तोंड उघडलं, पण अण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"चांगलं झालंय," ते म्हणाले. "तू जेवलास का? ... बरं. बरं. जप जिवाला."

फोन ठेवल्यावर मी त्यांच्यावरच भडकले. म्हटलं, तुम्हीच त्याला डोक्यावर चढवून ठेवलाय, तुम्ही त्याला एक शब्द बोलत नाही, मग मी कशाला भांडत बसू? ते ऐकून घेत राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "त्याला काय बोलू नगंस. त्येचं चाललंय, चालू दे. पर तुला कुनी इचारलं, तर सांग. म्या जाळलं न्हाई."

आता अडचण एवढीच आहे की मला कुणी विचारत नाही. जो तो त्याचंच विचारतो. म्हणून कुणी न विचारताच मी हे लिहिते आहे.