धोंडिबाच्या घरी जाणारे शेडगेसाहेब

विठ्ठलराव शेडगेसाहेबांची आणि माझी पहिली भेट दुष्काळाच्या वर्षी पुण्यातल्या आमच्या कार्यालयात झाली. केंद्र सरकारच्या तपास खात्यात मी नुकताच रुजू झालो होतो. साहेबांनी बसायला सांगितले, चहा मागवला आणि विचारले, "साक्षीदाराशी बोलायला कुठून सुरुवात कराल?" "घटनेपासून," मी म्हणालो. "त्याच्या घरच्यांची चौकशी करा आधी," ते म्हणाले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी खरेदीतली लाचखोरी पकडण्यासाठी सुरू झालेले आमच्या खात्याचे हे काम साहेबांच्या डोळ्यांदेखत अफरातफरीपासून खुनाच्या तपासापर्यंत वाढले. त्यांच्या कामगिरीबद्दल साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात इतरांनी लिहिले आहेच. मी मुळशीच्या प्रकरणाचे सांगतो.

दुष्काळी कामांवरचे सरकारी धान्य पौडच्या पुढे आडरानात दुसऱ्या ट्रकांमध्ये चढवले जाई. धोंडिबा नावाच्या मेंढपाळाने ते पाहिले होते. तो बोलायला घाबरत होता. साहेब पुन्हा पुन्हा धनगरवाड्यावर गेले. "मी आहे ना," त्यांनी त्याला सांगितले. त्या शब्दावर धोंडिबाने जबाब दिला. खटला उभा राहण्याआधीच त्याचे प्रेत धरणात सापडले.

इतर पुराव्यांवर धान्यचोरांना शिक्षा झाली. धोंडिबाला कोणी मारले, हे मात्र साहेबांनी जंग जंग पछाडूनही सिद्ध झाले नाही. तपास बंद झाला तेव्हा धोंडिबाच्या घरी निरोप शिपायाकरवी धाडता आला असता. साहेब स्वतः गेले. मी सोबत होतो.

धोंडिबाची बायको हिराबाई दारातच उभी राहिली. "सायेब, तुमी शब्द दिला म्हनून त्ये बोललं. न्हाईतर आज हितंच असतं."

"खरं आहे, बाई," साहेब म्हणाले.  परतताना जीपमध्ये त्यांनी तोंड फिरवून घेतले होते.

त्यानंतर साक्षीदाराच्या सुरक्षेची सोय लागल्याशिवाय त्यांनी जबाब घेतला नाही. त्यावरून वरिष्ठांशी वाद घातले, बढती मागे पडली. गोदामातल्या एका घाबरलेल्या कारकुनाचे कुटुंब तर खटला संपेपर्यंत साहेबांच्याच घरी राहिले. वहिनींनी त्यांना परके वाटू दिले नाही.

निवृत्तीनंतरही साहेब हिराबाईंकडे जातात. "गावला का कोन?" त्या विचारतात. "नाही, बाई." खोटी आशा त्यांनी कधी लावली नाही.

साठीच्या सत्काराला साहेबांनी आधी साफ नकार दिला होता. अखेर आमच्या आग्रहापुढे ते नमले. मी हिराबाईंना बोलवायला गेलो. त्या म्हणाल्या, "म्या न्हाई यायची. मला लई राग हुता त्यांचा. अजून हाय थोडा."

मी उठलो, तशा त्या पुन्हा बोलल्या, "पर त्यांस्नी म्हनावं, तब्येतीला जपा. लई वरसं जगा. माझ्या धन्याचं नाव घेऊन ह्या दारात येनारं दुसरं कोन ऱ्हायलंय?"

साहेब, आम्हा सहकाऱ्यांचेही आपल्याकडे एवढेच मागणे आहे.