अक्कानं उभा ठेवलेला बैल

गोष्टीवाली अक्का माणूस दिसला की त्याला गोष्टीत घालायची. विचारायची नाही. बाजारहत्नूरच्या बाजारात कुणी वांग्यावरून भांडलं, की दुसऱ्या दिवशी माझ्या वावरात कापूस वेचता वेचता ती ते बायांना सांगायची. नाव तेवढं बदललेलं.

"गोष्ट आणायले निर्मलच्या बाजारात जा लागते काय?" म्हणायची. "वावरातच पडून राह्यते. वेचली का झालं." धुकं पडलं की तिच्या गोष्टीत कुणीतरी हरवायचं. बोरं पिकली की कुणाची तरी पोर पळून जायची.

दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, असं मी तिला बजावलं.

"माया मामाले पिल्यावर सोताचं घर सापडत नाही, बापू. गोष्टीनं आणखी काय चुकन?"

बाया खिदळल्या. मालक मी, आणि हसणं मलाच!

मग तिनं गोष्टीत एक बैल आणला. जू काढलं तरी न बसणारा. वैरणीला तोंड लावण्याआधी 'हूं' करणारा. जेवायच्या आधी हूं कोण करतो, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. मी ओरडलो, "माया वावरात मलेच बैल करते?"

"वावर तुमचं, मंग बैल परक्याचा आणू काय?"

उद्यापासून येऊ नको म्हटलं. आली नाही. पण तिच्यामागं साऱ्या बाया शेजाऱ्याच्या वावरात गेल्या. बैलाचं पुढं काय झालं, ते त्यांना ऐकायचं होतं! इकडे फुटलेला कापूस झाडावर लोंबतोय, वर आभाळ भरून आलेलं. जावं लागलं मला तिच्याकडे. माफी मागितली नाही, आजही मागणार नाही. एवढंच म्हणालो, "त्याले शिंगं तरी चांगली दे."

"शिंगंच तर हायेत, बापू. वाकणारे गुडघे तेवढे नाहीत."

आली परत. वेचणीच्या शेवटच्या दिवशी तिच्या गोष्टीतला बैल नदीकाठी एकटाच उभा होता. बाकीची गुरं पलीकडे जाऊन बसलेली, पाणी चढत चाललेलं, धनीण हाका मारतेय. आणि अक्कानं ओटीतला कापूस गाठोड्यात ओतला. "बाकीचं पुढच्या वेचणीले." दरसाल तिचं असंच असायचं.

उन्हाळ्यात ती गेली. थोडा ताप आला, बस.

ही काय रीत झाली? माणसाला पाण्याच्या काठावर उभं करून निघून जायचं? लोक म्हणतात, चांगली होती, गप्पा मारायची. गप्पा! तिची लेक म्हणते, "काका, गोष्टच होती ना ते." गोष्टच होती, तर ते पाणी मला का दिसतं?

तिसरीपर्यंतच्या शाळेवर मीच ती पुरी करायला बसलो. बैलाला बसवलं तर खोटं वाटतं. नदीत घातलं तर त्याहून खोटं.

परवा यंदाची वेचणी संपली. बाया आता मोबाइलवर गाणी लावून वेचतात. गाठोडी बांधून झाल्यावर एक जण म्हणाली, "बापू, दिवसभर उभेच हाये तुमी. बसा ना जराक."

मी हूं केलं. म्हटलं, "अक्कानं बसवल्याबगर नाही."