अर्ध्या घाटातलं इंजिन

बसू गेला हे मला कळलं तेव्हा मी त्याचीच गोष्ट सांगत होतो. उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर चार टाळकी जमली होती, नारळाचा किस्सा ऐन रंगात आला होता, आणि फोन वाजला. ‘थांबा, खरी मजा पुढं आहे’ अशी हातानं खूण करून मी फोन घेतला. पलीकडं त्याची बायको, शैलावहिनी. “भावजी, ह्यांनी सकाळी डोळंच उघडलं न्हाईत...” मी फोन खिशात ठेवला, तर एकजण विचारतोय, “मग? फुडं काय झालं?”

बसवराज, म्हणजे आमचा बसू, थोरल्या भावाच्या वर्कशॉपात पाण्याच्या पंपांची इंजिनं दुरुस्त करायचा. त्या भावाला तो अण्णा म्हणायचा, म्हणून आम्हीही अण्णाच म्हणायचो. नव्वदच्या दशकात बसूला खूळ लागलं. भंगारात आलेलं जुन्या जीपचं डिझेल इंजिन घ्यायचं आणि त्याच्याकडून दुप्पट काम काढायचं. “नुसतं डिझेल जास्त पाजलं तर धूर वकंल,” तो म्हणायचा, “आधी हाडं घट्ट पायजेत.” त्यानं क्रँक, म्हणजे इंजिनाचा कणा, नव्यानं कडक करून घेतला, पिस्टन बदलले, हेडचे बोल्ट जाड केले, हेडसुद्धा स्वतः लाकडी पॅटर्न करून फौंड्रीत ओतून घेतलं. मगच टर्बो लावला, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. माझं स्पेअर पार्टचं दुकान शेजारीच, त्यामुळं सल्ले देण्याचं खातं माझ्याकडं. माझ्या सल्ल्यानं एकदा बसवलेलं सगळं परत उघडावं लागलं, तरी मला हाकलायचं त्याला सुचलं नाही.

शाहूवाडीकडच्या एका वडापवाल्याला, म्हणजे गावोगाव जीपमधून माणसं नेणाऱ्याला, डोंगरात जीप दमतात म्हणून असली इंजिनं हवी होती. अण्णांनी बसूला बजावलं, “त्याच्यासमोर घाट चढवून दाखव. चढलं तर तुझी इंजिनं काढू. न्हाय चढलं तर परत पंप, आन पुन्यांदा नाव काढायचं न्हाय.”

निघायच्या दिवशी नारळ माझ्या हातात. आमच्याकडं नवीन मशिन नारळाशिवाय सुरू होत नाही. मी डोकं चालवलं : जीप जुनी, इंजिन नवं, मग बंपरवर कशाला, इंजिनावरच फोडू! बसू हवा आत घेणाऱ्या तोंडावर फिल्टर बसवायच्या बेतात होता. “आरं थांब, तोंड झाकू दे...” तोवर मी हाणला होता. पाणी उडालं, करवंटीचे तुकडे उडाले, सगळ्यांनी खोबरं खाल्लं आणि फिल्टर बसवून आम्ही निघालो. मागं पोती लादलेली, तरी जीप घाटात अशी उठली की वडापवाला दांडा धरून ओरडला, “आयला, हे उडतंय की!” बसूच्या तोंडावर तसलं हसू मी परत कधी बघितलं नाही. अर्ध्या घाटात शिट्टीसारखा आवाज आला, मग खाडकन... आणि मागं काळा धूर. उघडून बघितलं, तर टर्बोच्या पंख्याची चाळण, आणि त्यात अडकलेली करवंटीची कपची.

वडापवाला दोन पावलं मागं सरला. “देवाचा नारळ ज्याला पचला न्हाय, त्यात मी मानसं बसवू व्हय?” बसूनं नंतर सगळं इंजिन उघडून अण्णांपुढं मांडलं. “बघा अण्णा, क्रँकला ओरखडा न्हाय. हेड जसंच्या तसं.” अण्णांनी वाकूनसुद्धा बघितलं नाही. “घाट चढलं का?” एवढंच विचारलं.

मी मात्र त्या नारळावर जगलो. लग्नात, तालमीत, सहलीत. इंजिनाचं नाव ‘खोबरेल’ पडलं, ते माझ्यामुळंच. कुणी दुसरं गिऱ्हाईक आलंच तर ते आधी हसायचं आणि मग पंपाबद्दल विचारायचं. बसूही हसायचा. एकदाच म्हणाला, “गोष्ट लई भारी सांगतोस गा. पर तुझ्या गोष्टीत क्रँक कधी येतच न्हाय.” त्यावरही मी काहीतरी विनोद केला... काय केला ते आठवत नाही. शोकसभेतही लोक म्हणाले, तो किस्सा सांगा. मी सांगितला. लोक पोट धरून हसले. अण्णासुद्धा.

गेल्या आठवड्यात नेसरीला गेलो. टर्बो काढून अण्णांनी ते इंजिन तिथल्या एका गुऱ्हाळाला विकलं होतं. उसाचा चरक फिरवतं. गुऱ्हाळवाला म्हणाला, “कंदी उघडायला लागलं न्हाय बघा. पर आमाला येवढं दणकट कशाला लागतंय? बसूभाऊ दर हंगामाला यायचे. चरकात ऊस कोंबायला लावायचे, आन डिझेलची दांडी पार शेवटाला न्यायचे. घटकाभर नुसतं ऐकत उभं ऱ्हायचे. मग परत कमी करून, चहासुदीक न घेता जायचे. ह्या साली तेवढं ऱ्हायलं.”

त्यानं माणसाला हाक मारून चरकात उसाच्या मोळ्या कोंबायला लावल्या. इंजिन दबलं, आवाज जड झाला. “वडा की पावणं दांडी, ते वडायचे तशी.”

मी हात पुढं केला. दांडी गरम होती. मग म्हटलं, या इंजिनाला आपला हात एकदा लागलाय तेवढा पुरे... आणि बाजूला झालो. गुऱ्हाळवाल्यानं मान हलवली, थोडा ऊस काढून घेतला, आणि इंजिन पुन्हा रोजच्यासारखं, अर्ध्या जोरावर, संथ चालू लागलं.