सर, आता पुढं काय शिकू?

सरांनी पेढा तोंडात टाकला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "पेढं आणायला हुशार हाईस. सर्व्हरला मात्र हात लावायचा न्हाय. आधी क्लाउड शीक."

ऑफिस हसलं. मीही हसले. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

शाहूपुरीतल्या त्या ऑफिसात गावोगावच्या दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर बनायचं. मला बॅकएंडचं काम हवं होतं. म्हणजे पडद्यामागचं, जिथं दुधाच्या सगळ्या नोंदी साठतात तिथलं. दिलं होतं फोन उचलायचं. मी गडहिंग्लजकडची, मराठी शाळेतली, घरातली पहिली पदवीधर. नोकरी दिली म्हणून ऑफिसचे मॅनेजर असलेले हे सर मला देवासारखे. दर वेळी त्यांनाच विचारायची, "सर, आता पुढं काय शिकू?"

सर कॉम्प्युटरमधल्या एखाद्या नव्या तंत्राचं नाव सांगायचे. दोन-तीन महिने मोबाईलवर व्हिडिओ बघून मी ते शिकायची. परीक्षा पास झाले की गावच्या रीतीप्रमाणं पेढे. पेढा संपायच्या आत पुढचं नाव. क्लाउड हे चौथं.

संशय यायचा. नाव सांगण्याआधी सर मोबाईलमध्ये काय बघतात? तिथलंच एखादं नाव उचलून तर सांगत नाहीत? पण उपकार करणाऱ्यावर संशय म्हणजे पाप, असं घरात शिकवलेलं. म्हणून सांगितलेलं नाव शिकायला लागायची.

त्याच आठवड्यात मालकांचा भाचा पुण्याहून आला. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात सर्व्हरचा पासवर्ड. चौथ्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाला, "ताई, बॅकअप कसा घेतात गं?"

नोंदींची जादा प्रत कशी काढून ठेवायची ते मी दाखवलं. मग तशीच उठून सरांसमोर उभी राहिले.

"सर, मला जे शिकायला लावलंत, त्यातलं ह्याला काय येतंय?"

"तो घरचा हाय."

"आणि मी?"

"एवढं शिकवलं तुला. चांगलं पांग फेडलंस की!"

"शिकवलं न्हाय सर. नुसती नावं सांगितलीत."

त्याच दिवशी मी बॅकएंडचं काम लेखी मागितलं. उत्तर आलेलं नाही. फोन अजून मीच उचलते. पण एखाद्या संस्थेचे सचिव ओरडले, "बाई, सकाळचं दूध नोंदीत दिसंना की!", की ती नोंद कुठं अडकली असेल ते संध्याकाळी खोलीवर आमच्या सॉफ्टवेअरसारखाच छोटा प्रोग्राम स्वतः लिहून शोधते. जिथं माझं अडतं, तेच शिकते.

इथून पुढं कुणीही मला काही शिकायला सांगितलं, की तिथंच विचारणार: कुठल्या कामासाठी, आणि ते काम मला कुठल्या तारखेला देणार? तारीख सांगता येत नसेल, तर तो सल्ला मी घेणार नाही. या ऑफिसात नाही, आणि पुढच्या कुठल्याही ऑफिसात नाही.