त्याच्या वाटचं बोलणं

माझा मुलगा दोन वर्षांचा होऊन गेला तरी त्याला बोलायची गरजच पडत नव्हती. त्याच्या वाटचं त्याची बहीण बोलायची. ती पहिलीत होती. त्याने माठाकडे नुसतं पाहिलं की ही म्हणायची, "मम्मी, त्याला पाणी पाहिजे." तो दाराशी जाऊन उभा राहिला की, "त्याला आबांबरोबर गाईकडे जायचंय." आणि ते बरोबरच असायचं. तो स्वतः 'आ' आणि 'मम्' एवढंच म्हणायचा.

देवळाली प्रवराच्या बाहेर, उसाला लागून आमची वस्ती आहे. घरात आम्ही दोघं, ही दोन मुलं आणि सासरे, म्हणजे मुलांचे आबा. अंगणवाडीच्या ताईंनी एकदा त्याला बोलतं करायचा बराच प्रयत्न केला आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दाखवून घ्या. वाट बघत बसू नका." सासऱ्यांना ते पटलं नाही. "बोलल की! त्याचा बाप तरी कुठं लवकर बोलला हुता? तुमालाच लई घाई." नवऱ्यालाही तसंच वाटत होतं.

मी आधी नगरला नेऊन त्याचे कान तपासून घेतले. ऐकू नीट येत होतं. सासरे म्हणाले, "बघा, म्हणलं नव्हतं?" मला मात्र जास्तच भीती वाटली. कान चांगले आहेत, मग अडलंय कुठं?

श्रीरामपूरला एका मेडिकलच्या वरच्या खोलीत स्पीच थेरपीच्या मॅडम बसायच्या. माझ्याहून लहानच असतील. शनिवारी मुलीची शाळा लवकर सुटायची, म्हणून पहिल्या दिवशी तीही बरोबर आली. मॅडम खाली चटईवर बसल्या आणि त्यांनी साबणाचे फुगे उडवले. मुलगा नाचायलाच लागला. मग त्यांनी बाटलीला झाकण लावलं, बाटली त्याच्यासमोर धरली आणि त्याच्याकडे बघत थांबल्या. त्याने त्यांचा हात ओढला. त्या हलल्या नाहीत. त्याने मागे वळून बहिणीकडे पाहिलं, आणि ती लगेच म्हणाली, "त्याला अजून फुगे पाहिजेत."

"बाळा, तू नको सांगू हं," मॅडम प्रेमानेच म्हणाल्या. "सगळं तूच सांगितलंस तर तो कशाला बोलेल?"

मग मला म्हणाल्या, "घरीही असंच करा. वस्तू दाखवा, शब्द म्हणा आणि थांबा. त्याने आवाज काढला, खूण केली, तरी चालेल. पण थांबा."

थांबणं किती अवघड असतं ते मला त्या दिवसांत कळलं. पाण्याचा पेला हातात धरून मी "पाणी" म्हणायची आणि थांबायची. तो आधी हात लांबवायचा, मग ओरडायचा, मग जमिनीवर लोळून डोकं आपटायचा. मुलीच्या तोंडून काही निघणार असं दिसलं की मी नाहीतर नवरा म्हणायचो, "तू गप्प बस." एकदा सासरे भरल्या ताटावरून उठले. "लेकराला पान्यासाठी रडवता? ह्याला काय थेरपी म्हनायची?" त्यांनी माझ्या हातातला पेला घेतला आणि त्याला पाजला.

त्या रात्री नवरा म्हणाला, "बंद कर ते. आबांचं वय झालंय, त्यांना बघवत नाही."

"अहो, मला तरी कुठं बघवतंय?" मी म्हणाले. "पण आता सोडलं तर पुढं काय?"

त्याने दिवा मालवला. थेरपी बंद झाली नाही, पण त्याविषयी आम्ही एकमेकांशी बोलेनासे झालो.

अशात एके दिवशी शाळेच्या फाटकाशी मुलीच्या बाईंनी मला थांबवलं. "ही आजारी आहे का? वर्गात हल्ली एक शब्द बोलत नाही. हजेरीलाही नुसता हात वर करते."

मी तिथल्या तिथे आठवून पाहायला लागले, घरी ती शेवटची कधी बोलली होती? मला आठवेना. आमचे सगळ्यांचे कान त्याच्या तोंडाला लागलेले होते. ही गप्प झाली ते घरात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

घरी आल्यावर मी तिला विहिरीवरच्या मोटारीच्या हौदाशी नेलं. विचारलं, मारलं का कुणी? ती नाही म्हणून मान हलवत राहिली. खूप वेळाने पाण्याकडे बघत अगदी हळू म्हणाली, "मी बोलले की तो बोलत नाही ना. मग मी बोलणारच नाही."

एकाला बोलतं करायला निघाले होते आणि दुसरीचं बोलणं बंद झालं होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो हौदाच्या कट्ट्यावर बसूनच राहिला. शनिवारी त्याने गाडी काढली आणि आम्हा तिघांना घेऊन स्वतः श्रीरामपूरला आला.

ऐकून मॅडमचा चेहरा उतरला. "हे मी तिला नीट समजावून सांगायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या आणि तिच्यासमोर जाऊन बसल्या. "तुझ्यामुळे काही झालेलं नाही. तू त्याच्याशी खूप बोल. फक्त त्याला विचारलं की त्याची पाळी. मला तुझी मदत पाहिजे. करशील?"

ती दाराला टेकून बसली होती. मॅडमनी चेंडू तिच्याकडे ढकलला. तिने घेतला आणि मांडीत धरून ठेवला. मुलगा तिच्यासमोर गेला आणि वाट बघू लागला. नवऱ्याचा गुडघा एकसारखा हलत होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात मॅडमनी हाताने मला थांबवलं.

मुलाने चेंडूकडे पाहिलंही नाही. त्याने बहिणीची हनुवटी धरली आणि तिच्या ओठांत बोटं घालून तिचं तोंड उघडायला लागला. दोन्ही हातांनी, अगदी जोर लावून. तिने मान फिरवली तर तिकडून धरलं.

"अरे, सोड ना! नखं लागतात!" ती ओरडली.

तो खदखदून हसला. नवरा उठून बाहेर जिन्यात गेला. परत आला तेव्हा त्याने तोंड धुतलेलं होतं.

त्या दिवशी मुलगा काहीच बोलला नाही. पुढचे कित्येक शनिवारही तसेच गेले. पण घरात कुणी कुणाला गप्प बस म्हणायचं नाही असं ठरलं, आणि ते नवऱ्याने स्वतः आबांना सांगितलं. आबा "बरं" म्हणाले. मुलाचा पहिला स्पष्ट शब्द त्यांनाच ऐकायला मिळाला. ते त्याला झोपवायला उचलून नेत होते, तेव्हा तो त्यांच्या खांद्यावरून "न्हाई!" म्हणाला. आबांनी त्याला पुन्हा खाली ठेवलं. मग "न्हाई" शिवाय दुसरं काही ऐकायला मिळेना, आणि त्याचाही आम्हाला कंटाळा येत नव्हता.

आता तो दोन-तीन शब्द जोडून बोलतो. बाहेरच्यांना निम्मं कळत नाही. श्रीरामपूरच्या खेपा चालूच आहेत.

मुलगी घरात भरपूर बोलते. वर्गात विचारलं तर उत्तर देते, आपणहून हात वर करत नाही. बाई म्हणतात, करेल हळूहळू. पण कधी कधी जेवताना काही सांगायला ती तोंड उघडते आणि आधी आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून एकदा नजर फिरवते. ते अजून गेलेलं नाही.